चाळिशीनंतर वाद्य शिकताना: मनाला मानवेल असा रियाज कसा बसवावा

गोव्यातल्या घरांत वाद्य ही परकी वस्तू नसते. कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की उतरवून पुसले जाणारे घुमट हे मातीचे तालवाद्य, देवघराजवळच्या खुंटीला अडकवलेली टाळांची जोडी, यांपैकी काहीतरी बहुतेक ठिकाणी सापडते. तरीही त्याच घरांतली कितीतरी माणसे आयुष्यभर आरतीला केवळ टाळ्या वाजवत उभी असतात, कारण शिकायचे ते लहानपणीच, आता बोटे वळायची नाहीत, अशी त्यांची पक्की समजूत झालेली असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वाद्य शिकल्याने मनाला स्वास्थ्य लाभते हे आता पुष्कळांच्या कानांवर आलेले असते. पण ते लाभावे म्हणून वाद्य कसे निवडावे, रियाज किती आणि कसा करावा, कोणत्या चुका टाळाव्यात, हे सहसा कोणी तपशिलाने सांगत नाही.

माझे वडील वारले तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. दिवसा कचेरीतले हिशेब व्यवस्थित होत, परंतु रात्री अंथरुणाला पाठ टेकली की शेवटच्या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी काय करायला हवे होते आणि काय केले नाही, याची तीच ती उजळणी सुरू होई आणि पहाटेपर्यंत चाले. अशाच एका संध्याकाळी काकांकडे गेलो असताना त्यांनी काही न बोलता पेटी पुढे सरकवली, भाता कसा मारायचा ते दाखवले आणि सा-रे-ग एवढेच तीन स्वर सरळ-उलट वाजवायला सांगितले. अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. उठताना लक्षात आले की त्या अर्ध्या तासात ती उजळणी एकदाही झाली नव्हती. त्यानंतर गेली अकरा वर्षे पेटी शिकतो आहे. मनाला जो आराम मिळतो तो चांगले वाजवता येऊ लागल्यानंतर मिळत नाही, तो शिकत असतानाच मिळतो, आणि तोही जेव्हा समोरचा पाठ मनाला पुरता व्यापून टाकतो पण दमवून टाकत नाही तेव्हाच मिळतो, हे मला या वर्षांत शिकायला मिळाले. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीला धरून आहेत.

मनावर परिणाम होतो तो कसा

चिंतेची एक खोड अशी की हात रिकामे असले किंवा काम सवयीचे असले की ती मनात शिरते. भांडी घासताना, गाडी चालवताना, टीव्हीसमोर बसलेले असतानाही ती चालू राहू शकते. वाद्याच्या बाबतीत मात्र तिला जागा उरत नाही, कारण उजव्या हाताची बोटे पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर, कान स्वरावर आणि मनाचा एक कोपरा मात्रा मोजण्यात, असे सगळे एकाच वेळी गुंतलेले असते, आणि प्रत्येक स्वर बरोबर लागला की चुकला हे कान त्याच क्षणी सांगून टाकतो. ध्यानाला बसल्यावर मन जागेवर आणणे ज्यांना जमत नाही, अशा अनेकांना वाद्यापुढे ते सहज जमते, कारण इथे मनाला केवळ थांबायला सांगितलेले नसते, तर करायला काहीतरी दिलेले असते.

दुसरा परिणाम अधिक संथ आहे. उदासपणात माणूस एकेक गोष्ट करणे सोडत जातो, आणि सोडत गेल्याने आणखी उदास होतो. म्हणूनच नैराश्यावरच्या मानसोपचारात ठरलेल्या वेळी करायची लहान, जमण्याजोगी कामे दिली जातात. रोज संध्याकाळी साडेसातला पेटी उघडणे हे तसेच काम आहे, आणि त्याची प्रगती कानांना ऐकू येते. मागच्या गुरुवारी अडखळणारा पलटा, म्हणजे ठरावीक क्रमाने वाजवायची स्वरांची छोटी रचना, या गुरुवारी न अडखळता गेला, एवढी साधी गोष्ट प्रौढ माणसाच्या आयुष्यात फार दुर्मीळ असते, कारण त्या वयातली बहुतेक कामे कधी पूर्ण झाली असे वाटतच नाही.

संशोधनही बरेच झाले आहे, आणि ते वाढवून न सांगता सांगितले पाहिजे. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्वी वाद्य न शिकलेल्या ३१ प्रौढांपैकी एका गटाला ११ आठवडे, आठवड्यातून एक तास पियानो शिकवला गेला. त्या गटात नैराश्य, चिंता आणि ताण यांची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. लंडनमध्ये मानसिक आजारासाठी सेवा घेणाऱ्या व्यक्तींना १० आठवडे एकत्र बसून ढोल वाजवायला शिकवल्यावर त्यांच्या नैराश्यात आणि चिंतेत घट झाली, आणि वर्ग संपल्यानंतर तीन महिन्यांनीही ती टिकून होती. हा अभ्यास २०१६ सालचा. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ ज्येष्ठांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. यातल्या पहिल्या दोन अभ्यासांतले गट लहान आहेत, आणि शेवटच्या पाहणीत वाद्यामुळे मेंदू शाबूत राहिला की ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच वाजवत राहिले, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. म्हणून पेटी शिकल्याने विसरभोळेपणा येणारच नाही असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. मनःस्थिती सुधारते, ताण उतरतो आणि एकाग्रता वाढते, एवढे मात्र या अभ्यासांवरून आणि शिकणाऱ्यांच्या अनुभवावरून सांगता येते, आणि शिकायला बसण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

वाद्य निवडताना

प्रौढांनी पहिले वाद्य असे घ्यावे की पहिल्याच दिवशी त्यातून ऐकवेल असा आवाज निघावा. मोठ्या माणसाचा कान तयार असतो, कारण त्याने चाळीस वर्षे चांगले संगीत ऐकलेले असते. हात मात्र नवखे असतात. कान आणि हात यांच्यातले हे अंतर लहान मुलांना जाणवत नाही, प्रौढांना मात्र ते असह्य होते, आणि बहुतेकजण तिथेच सोडून देतात. या दृष्टीने पेटी सर्वांत सोयीची, कारण पट्टी दाबली की स्वर तयारच असतो. बोरी गावात १९३४ साली जन्मलेल्या पं. तुळशीदास बोरकरांनी याच वाद्याचे स्वतंत्र वादन किती उंचीला नेले हे गोमंतकीयांना सांगायला नको. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, हे मात्र आज अनेकांना ठाऊक नसते. पेटीवर श्रुतींचे, म्हणजे दोन स्वरांमधल्या बारीक अंतरांचे, सूक्ष्म भेद आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही हा आक्षेप खरा आहे, पण तो आपल्यासारख्या नवशिक्यांच्या वाटेत यायला पुष्कळ वर्षे लागतील.

ज्यांचे मन स्वरापेक्षा लयीत रमते, त्यांनी तबला किंवा घुमट घ्यावे. घुमट हे मातीचे, दोन्ही बाजूंनी उघडे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते आणि लहान तोंड डाव्या हाताने उघडझाक करून नाद बदलायचा असतो. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून बकरीच्या कातड्याचेच घुमट घ्यावे. ते तबल्यापेक्षा स्वस्त पडते, आणि ते शिकवणारा जाणता माणूस बहुधा वाड्यावरच असतो. रागावलेल्या किंवा आतून तुंबलेल्या मनाला तालवाद्य अधिक मानवते असे माझे निरीक्षण आहे. शोकात असलेल्याला स्वराचे वाद्य जवळचे वाटते. हे शास्त्र म्हणून सांगत नाही, पण निवड करताना स्वतःला हा प्रश्न जरूर विचारावा.

बासरीला फुंक आणि श्वासावरचा ताबा लागतो. लांब, सावकाश उच्छ्वास शरीराला शांतवतो, म्हणून ती सतत धडधड जाणवणाऱ्यांना उपयोगी पडू शकते. मात्र पहिले काही आठवडे नुसता वारा निघतो आणि चक्कर आल्यासारखे होते, हे आधी ठाऊक असलेले बरे. व्हायोलिनची गोव्यात मोठी परंपरा आहे, पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून ते आणि स्वरलिपीचे वाचन शिकवले जाई, त्यामुळे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात त्याचे चांगले शिक्षक मिळू शकतात. पण व्हायोलिनवर स्वराची जागा कुठेही खुणावलेली नसते आणि गजाचा हात बसायला महिने जातात. स्वतःवर फार कठोर होण्याचा ज्यांचा स्वभाव आहे त्यांनी ते पहिले वाद्य म्हणून घेऊ नये असे मला वाटते. गिटार मधल्या वाटेची: बोटांची अग्रे तीन-चार आठवडे दुखतात, मग दोन-तीन कॉर्डवर गाणी म्हणता येऊ लागतात.

विकत घेण्याची घाई करू नये. पहिले तीन महिने कोणाचे तरी वापरात नसलेले वाद्य मागून आणावे. मी स्वतः केवळ छायाचित्र पाहून एका दुकानातून पेटी मागवली. तिच्या मधल्या सप्तकातले दोन स्वर उतरलेले होते आणि भाता गळत होता, आणि कान पक्का नसल्याने पुढचे कित्येक महिने मी माझाच दोष समजून त्या दोन स्वरांशी झगडत राहिलो. बेसूर वाद्य नवशिक्याच्या मनाची फार हानी करते. घेताना जाणता माणूस बरोबर न्यावा, प्रत्येक पट्टी वेगवेगळी दाबून पाहावी, आणि भाता भरून पट्टी न दाबता सोडल्यास तो किती वेळात खाली बसतो ते बघावे.

गुरू

पणजीत कांपालला मांडवीच्या काठी असलेल्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्य दोन्ही संगीतांचे शिक्षण दिले जाते; फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आणि मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवने इथेही वर्गांची चौकशी करावी. तथापि प्रौढ विद्यार्थ्याला बहुधा गावातले एकटे शिकवणारे गुरुजी किंवा बाईच अधिक सोयीच्या पडतात. पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारावा: तुमच्याकडे मोठ्या वयाचे कोणी शिकते का? ज्यांनी फक्त शाळकरी मुलांना परीक्षांसाठी तयार केले आहे, ते प्रौढालाही त्याच वेगाने आणि त्याच शिस्तीने हाकू पाहतात.

परीक्षांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षांनी पिढ्या घडवल्या, त्यांचा अभ्यासक्रम उत्तम आहे आणि तो घरी जरूर डोळ्यांसमोर ठेवावा. पण मनाच्या स्वास्थ्यासाठी वाद्य धरलेल्याने पहिली दोन वर्षे परीक्षेला बसू नये. ज्या माणसाचा सगळा दिवस कोणीतरी आपल्याला तपासते आहे या जाणिवेत जातो, त्याला आणखी एक परीक्षक नको असतो. ज्यांना तारीख ठरल्याशिवाय कामच होत नाही, त्यांनी अर्थातच वेगळा विचार करावा.

गुरू वयाने लहान असण्याची तयारी ठेवावी. माझे गुरुजी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना अहो म्हणतो, तेही मला अहो म्हणतात, आणि शिकवणीला बसताना वाद्याला हात लावून नमस्कार करतो तेव्हा त्या अर्ध्या तासापुरते माझे वय, हुद्दा आणि कचेरीतले स्थान बाहेर चपलांपाशी राहते. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला काही न येणारा होऊन कोणासमोर तरी बसता येणे, यात फार मोठी विश्रांती आहे. पहिल्याच दिवशी गुरूंना हेही मोकळेपणाने सांगावे की मी कार्यक्रमासाठी नव्हे, मनासाठी शिकतो आहे. त्यामुळे ते कमी शिकवतील अशी भीती बाळगू नये. चांगला शिक्षक त्यामुळे पाठाचे माप नीट बेतू शकतो.

रोजचा रियाज

रोज वीस मिनिटे पुरेत, पण ती रोजच हवीत. आठवडाभर काही न करता रविवारी तीन तास बसण्याने बोटे दुखतात, पाठ अवघडते आणि मनात अपराधीपणा साठतो. हाताने शिकलेली गोष्ट दोन बैठकांच्या मधल्या काळात, विशेषतः झोपेत, पक्की होत असते. रात्री अडलेला पलटा सकाळी आपसूक सुटल्याचा अनुभव पहिल्या महिन्यातच येतो. ही मधली वेळ मिळावी म्हणूनही थोडा आणि रोजचा रियाज बरा. वेळ ठरलेली असावी आणि ती एखाद्या आधीच्या सवयीला जोडावी: तिन्हीसांजेला दिवा लावला की पेटी, किंवा सकाळचा चहा झाला की तबला. वाद्य पेटाऱ्यात बंद न ठेवता उघड्यावर, हाताशी, एका स्वच्छ कापडाखाली ठेवावे, कारण ते काढण्याचे कष्ट हेच न बसण्याचे अनेकदा निमित्त होते.

पहिली पाच मिनिटे काहीही वाजवायचे नाही, फक्त षड्ज धरायचा. पेटीवर आपल्या पट्टीचा सा दाबावा, भाता सावकाश, श्वासाच्या गतीने मारावा आणि शक्य असल्यास त्या स्वरात हलक्या आवाजात ‘आ’ असा लांब सूर लावावा. गळा आणि पेटी एकमेकांत मिसळतात तेव्हा दोन्ही आवाजांमधली थरथर थांबल्यासारखी वाटते. ती थांबण्याची वाट पाहत राहणे एवढेच या पाच मिनिटांतले काम. भाता श्वासाबरोबर चालू लागला की श्वास आपोआप लांबतो. तबला शिकणाऱ्यांनी या वेळी तंबोऱ्याचे ॲप लावून डाव्या-उजव्याचा एकेक नुसता बोल, ना आणि घे, मध्ये पुरेशी शांतता ठेवून वाजवावा, आणि प्रत्येक बोलाचा नाद संपेपर्यंत ऐकावा.

त्यानंतरची दहा मिनिटे खरी. इथे एकच पाठ घ्यावा, दोन नव्हेत. सुरुवातीच्या महिन्यांत भूप हा राग उत्तम, कारण सा रे ग प ध या पाचच स्वरांत त्याचे सगळे पलटे बसतात आणि मध्यम-निषाद नसल्याने चुकीच्या पट्टीवर बोट पडण्याचे प्रसंग कमी येतात. एक लहान पलटा घ्यावा आणि तो दहा वेळा वाजवावा. दहाच्या दहा वेळा न चुकता आला तर तो फार सोपा आहे. हात आपोआप चालतील आणि मन पुन्हा बँकेच्या हप्त्याकडे जाईल. दहांपैकी पाच किंवा अधिक वेळा चुकला तर तो फार कठीण आहे. खांदे आखडतील, दात आवळले जातील आणि पेटी बंद करून उठताना आपल्याला काही येत नाही ही एकच भावना बरोबर येईल. दहांपैकी सात-आठ वेळा नीट येतो आणि दोन-तीन वेळा निसटतो, असा पाठ मनाला सर्वांत मानवतो. मी अनेक वर्षे हाच नियम पाळत आलो आहे, आणि त्याचा उपयोग असा की वाईट दिवशीसुद्धा तो लागू पडतो: डोके जड असेल, कोणाशी वाद झाला असेल, तर कालचा पाठ आज आपोआपच कठीण होतो, आणि तो तसा झाला हे चुका मोजल्या की कळते.

मग कठीणपणा कमी कसा करायचा? गती हा पहिला उपाय. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, किंवा तबल्याचे ॲप मिनिटाला ६० मात्रांवर लावावे, एका मात्रेला एक स्वर ठेवावा, आणि तिथेही अडत असेल तर ५० वर आणावे. खाली येण्यात कसलाही कमीपणा नाही. संथ लयीत नीट वाजवणे मोठ्या वादकांनाही कठीण जाते. गती पुरेशी कमी करूनही जमत नसेल तर पलट्याचे दोन तुकडे करावेत आणि जिथे जोड आहे तेवढेच दोन स्वर अनेकदा वाजवावेत, कारण चूक बहुधा स्वरात नसते, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या क्षणात असते. पाठ सोपा झाला तर मात्र लगेच गती वाढवू नये. त्याऐवजी तोच पलटा डोळे मिटून, किंवा एक स्वर गाळून, किंवा तीनतालाच्या सोळा मात्रांत बसवून समेवर, म्हणजे चक्राच्या पहिल्या मात्रेवर, नेमका यावा असा वाजवावा. सम हे भारतीय संगीताने मनाला दिलेले फार मोठे देणे आहे असे मला वाटते: सोळा मात्रांचे चक्र कितीही गुंतागुंतीचे झाले तरी घर कुठे आहे हे ठाऊक असते, आणि चुकलेल्याला पुढच्याच आवर्तनात पुन्हा तिथे येता येते.

चूक झाली की थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची खोड प्रौढांना असते, ती पहिल्या महिन्यातच मोडावी. लय चालू ठेवावी, चुकलेला स्वर सोडून द्यावा आणि पुढच्या समेला मिळावे. सुरुवातीला हे अशक्य वाटते. पण जमू लागल्यावर ही सवय पेटीपुरती राहत नाही. कचेरीत एखादे वाक्य चुकीचे बोलून गेल्यावर दिवसभर तेच चघळत बसणे माझ्या बाबतीत यामुळेच कमी झाले.

शेवटची पाच मिनिटे आवडीची. आईच्या तोंडचा एखादा अभंग, लहानपणी पाठ झालेली आरती, दोन ओळींचे भावगीत, जे येते ते, जसे येते तसे वाजवावे. इथे मोजणी नाही, मेट्रोनोम नाही, आणि घरात कोणी ऐकत असेल तर ऐकू द्यावे. रियाज नेहमी आवडीच्या गोष्टीवर संपावा, कारण उद्या पुन्हा बसावेसे वाटणे हे त्या शेवटच्या पाच मिनिटांवर ठरते.

एक छोटी वही ठेवावी आणि रोज दोन ओळी लिहाव्यात: आज काय वाजवले आणि बसण्यापूर्वी व उठताना मन कसे होते. माझ्या वहीत पहिल्या वर्षी सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘हलके’ हा आहे. ध्वनिमुद्रण महिन्यातून एकदा करावे आणि तारीख घालून स्वतःपाशी ठेवावे. ते व्हॉट्सॲपच्या गटांवर पाठवू नये. कौतुक आले तर त्याची चटक लागते आणि कोणी काहीच बोलले नाही तर हात जड होतो.

शरीराकडेही लक्ष द्यावे. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्ची-टेबल घ्यावे, त्यात वाद्याचा काहीही अवमान नाही. मनगट, कोपर किंवा मानेत दुखू लागले तर त्या दिवशी थांबावे. दुखणे सोसून केलेल्या रियाजाने केवळ दुखापत वाढते. पर्वरी किंवा ताळगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना एकदा भेटून वेळ सांगून ठेवावी, म्हणजे दर वेळी कोणाला त्रास होईल या विचाराने हात आखडत नाही.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर गोव्यातली हवा वाद्यांना जड जाते. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, दमट होऊन स्वर उतरतो. तेव्हा वादी (चामड्याची पट्टी) आवळून, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो जबरदस्तीने चढवू नये, कारण ऑक्टोबरच्या उन्हात तीच पुडी ताणून फाटण्याची भीती असते. पावसाळ्यात खालच्या स्वरावरच समाधान मानावे. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, भात्याच्या कापडाला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात, भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवावी, उन्हात मुळीच ठेवू नये. पण सर्वांत चांगले जतन म्हणजे रोज वाजवणे, कारण भात्यातून हवा फिरती राहते. बाहेर पडता येत नाही आणि दिवसचे दिवस आभाळ उघडत नाही, अशा जुलैतच अनेकांचे मन खचते. नवे वाद्य सुरू करायला मी लोकांना मृगाच्या आधीचा महिना सुचवतो, म्हणजे ऐन पावसात हाताशी काहीतरी येऊ लागलेले असते.

चार माणसांत

एकट्याच्या रियाजाला सहा-आठ महिने झाले की मेळात बसावे. लंडनच्या ज्या अभ्यासाचा वर उल्लेख आला, त्यात वाजवणारे एकत्र होते, आणि एकाच लयीत अनेकांचे हात पडण्याने माणसे एकमेकांना जवळची वाटू लागतात, हे आपल्या देवळांच्या मंडपांत पिढ्यान् पिढ्या अनुभवाला आलेले आहे. गोव्यात ही सोय जेवढी आहे तेवढी फार थोड्या प्रदेशांत असेल: गावोगावच्या देवळांत ठरलेल्या वारी भजन असते, वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चवथीला घरोघरी घुमट, शामेळ हे चामड्याचे तालवाद्य आणि कांसाळे, म्हणजे झांजा, यांच्या साथीने आरत्या होतात, आणि कला अकादमीच्या भजन स्पर्धेमुळे महिलांची पथकेही वर्षभर तालमी करतात.

नवख्याने पेटीवर किंवा पखवाजावर हक्क सांगू नये. मागच्या ओळीत बसून आधी टाळ मागावेत. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा टाळांवर न चुकता धरणे हेच पहिल्या काही महिन्यांचे काम, आणि त्यात चुकलो तरी वीस जणांच्या आवाजात ते झाकले जाते, ही त्या जागेची मोठी माया आहे. बुवांची, म्हणजे भजन चालवणाऱ्या मुख्य गायकाची, नजर ओळखायला शिकावे: लय कधी वाढते, ओळ कधी उचलायची, कधी थांबायचे. संध्याकाळी दाराला कडी लावून एकट्यानेच बसणाऱ्या निवृत्त माणसांना मी या मागच्या ओळीत वर्षभरात बदललेले पाहिले आहे. दर सोमवारी आपण आलो नाही तर कोणीतरी विचारणारे असते, याचे मोल स्वराहून कमी नाही.

वाद्य पुरे पडत नाही तेव्हा

काही दुखणी रियाजाने हटत नाहीत, आणि ती वेळेवर ओळखावी लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातही रस वाटत नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, जगणे नको असे विचार येत असतील, किंवा आवडते वाद्यही पुढे घ्यावेसे वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावे. बांबोळीला मनोविकारांसाठी शासकीय संस्था आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक कोणत्याही वेळी विनाशुल्क लागतो. चालू असलेली औषधे वाद्यामुळे बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. घरातल्या खचलेल्या माणसाला ‘जरा पेटी वाजव, बरे वाटेल’ असे सांगून मोकळे होणेही टाळावे. त्याच्याजवळ बसून आपण स्वतः सा लावावा, वाटले तर तो हात पुढे करील.

खंड पडल्यावर

खंड पडणारच. लग्नसराई, आजारपण, वार्षिक हिशेब, घरातले सुतक, यांत आठवडे निघून जातात, आणि मग पेटीवरचे कापड उचलण्याची लाज वाटू लागते. मागे होते तिथून सुरू करण्याचा प्रयत्न या वेळी करू नये, कारण बोटे मागे गेलेली असतात आणि पहिल्याच बैठकीत ती गोष्ट मनाला लागते. पहिल्या दिवशी वाद्य फक्त पुसावे आणि पाच मिनिटे षड्ज धरून उठावे. दुसऱ्या दिवशी षड्ज आणि आवडीचे गाणे, मधली दहा मिनिटे गाळून. तिसऱ्या दिवशी पहिल्या महिन्यातला सर्वांत सोपा पलटा ५० मात्रांवर घ्यावा, दहा वेळा वाजवावा आणि चुका मोजाव्यात. वहीत खंडाच्या दिवसांसाठी जागा सोडू नये. आधीच्या नोंदीच्या लगेच खाली आजची तारीख घालावी आणि पुढे लिहावे.